प्रेमकादंबरी आणि फ्लॉरेन्सचं राजकारण: एकाच टिपणवहीतून दोन्ही कसं लिहावं?

शाईदौत

नमस्कार मंडळी. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सवर एकाच वेळी दोन गोष्टी लिहायला घेतल्यात. एक प्रेमकादंबरी: काळ १४७८, नायिका पात्सी घराण्यातली, नायक शहरावर पकड असलेल्या मेदिची घराण्याला धरून असलेल्या व्यापारी घरातला. दुसरा, मेदिचींची सत्ता प्रत्यक्षात चालायची कशी यावर दीर्घ लेख. टिपणं दोन्हींना एकच.

अडचण अशी की कादंबरीत राजकारण नुसतं मागे टांगल्यासारखं राहतंय. २६ एप्रिलचा कट (पात्सींनी कॅथेड्रलमध्ये मेदिचींचा प्रमुख लोरेन्झो आणि त्याचा भाऊ जुलियानो यांच्यावर घडवलेला हल्ला) काढून टाकला तरी प्रेमकथेचं काही बिघडत नाही. लेखात बरोबर उलटं होतं, ‘लोरेन्झोला मनोमन पटलं’ छापाची वाक्यं उतरतात. राजकारण कथेच्या आत कुठून आणायचं, आणि लेखातून कादंबरी बाहेर कशी ठेवायची?

बखरवाचक

कॅथेड्रलमधला हल्ला हा तुमच्या कथेचा कळस नाही, असं माझं ठाम मत आहे. तो प्रसंग सगळेच रंगवतात आणि प्रेमिक तिथे बघे होऊन उभे राहतात. तुमची कथा त्याच्या पुढच्या महिन्यात आहे. मे १४७८ मध्ये फ्लॉरेन्सच्या सरकारने पात्सींविरुद्ध कायदा केला. त्यातलं एक कलम असं की पात्सींच्या मुलीशी किंवा बहिणीशी जो लग्न करेल, तो सरकारी पदांना मुकेल. पुढे ही बंदी सैल झाली, पण त्या वर्षी ती खरी होती. म्हणजे नायकाच्या प्रेमाची किंमत कायद्यानेच ठरवून दिलेली आहे. आता कट काढून टाकून बघा, कथा उभीच राहत नाही.

एक पायरी मागे जायचं असेल तर १४७७ चा वारसा कायदा घ्या. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर मुलीऐवजी पुरुष नातेवाइकांना हक्क, असा तो कायदा होता. त्याचा थेट फटका ज्योव्हान्नी पात्सीच्या बायकोला बसला. बेआत्रिचे बोर्रोमेई तिचं नाव. बापाची मोठी इस्टेट तिच्या हातून गेली. तुमच्या नायिकेच्या घरात त्या वर्षी जेवताना दुसरा विषयच नसणार. गंमत म्हणजे याच घराचा गुल्येल्मो पात्सी हा लोरेन्झोचा सख्खा मेहुणा, बहीण बियांकाचा नवरा. सोयरीक आणि वैर एकाच छपराखाली नांदत होतं.

लग्नाची प्रक्रिया नीट मांडा, कारण बहुतेक कादंबऱ्या तिथे फसतात. धर्मगुरूसमोर वेदीपाशी शपथा, असं दृश्य लिहू नका. आधी दोन्हीकडच्या पुरुषांची बोलणी आणि हस्तांदोलन, मग वधूच्या घरी नोटरीसमोर संमती आणि अंगठी, आणि शेवटी वाजतगाजत नवऱ्याच्या घरी पाठवणी. या टप्प्यांमध्ये कधी काही महिने जात. त्या फटीत एखादा कायदा आला तर काय, ही तुमच्या कथेची मधली शंभर पानं.

धर्मगुरू आणि साक्षीदार हवेतच हा नियम १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेत झाला. त्याआधी दोघांनी एकमेकांना ‘आत्ता पत्करलं’ म्हटलं की चर्चच्या लेखी लग्न लागलं. सिद्ध कसं करायचं हा प्रश्न उरायचाच. १४५५ मध्ये लुसान्ना नावाच्या बाईने असं गुप्त लग्न झाल्याचा दावा केला आणि आर्चबिशप आंतोनिनो यांनी तो मान्य केला. रोममध्ये मात्र निकाल फिरला.

तळटीप

बखरवाचकांशी सहमत. मी लेखाच्या बाजूने लिहिते.

‘मनोमन पटलं’ हे वाक्य सापडलं की स्वतःला एकच विचारायचं: हे कुणी लिहून ठेवलंय, कधी, आणि कुणाच्या पैशावर? कटाचं सगळ्यात वाचनीय वर्णन कवी पोलित्सियानोचं. तो त्या दिवशी कॅथेड्रलमध्ये हजर होता, पण लोरेन्झोच्या पदरी होता आणि त्याच वर्षी मेदिचींची बाजू मांडायला त्याने ते लिहिलं. माकियावेल्लीने (‘द प्रिन्स’चा लेखक) कटानंतर चाळीसेक वर्षांनी इतिहास लिहायला घेतला. ते काम १५२० मध्ये दिलं कार्डिनल जुलिओ मेदिचीने, म्हणजे कटात मारल्या गेलेल्या जुलियानोच्या मुलाने. कटात सामील असलेला सैनिक मोन्तेसेक्को, त्याचा कबुलीजबाब ४ मेचा, कैदेत असताना दिलेला. हे तिन्ही वापरा, मात्र क्रियापदं बदला: ‘पोलित्सियानो सांगतो’, ‘कबुलीजबाबात आहे’. कादंबरीत हाच मजकूर बेधडक पात्राच्या तोंडी घाला, तिथे ती ताकद आहे.

टिपणवही एकच ठेवा, पण प्रत्येक नोंदीला तीन रकाने करा: कागदावरची तारीख, आजच्या पद्धतीची तारीख, आणि नोंद कुणाची. तारखांचा घोळ इथेच होतो. फ्लॉरेन्सचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. कागदावर ‘१० फेब्रुवारी १४७७’ दिसलं तर ते आपल्या हिशेबाने १४७८. २६ एप्रिल या घोळातून सुटतो. वर बखरवाचकांनी दिलेला वारसा कायदा मात्र जुन्या कागदांत १४७६ खाली दिसेल. तासही वेगळे, सूर्यास्तापासून मोजलेले. ‘बाविसाव्या तासाला’ म्हणजे रात्री दहा नव्हे, सूर्यास्ताच्या दोन तास आधी. चोरून भेटीचं दृश्य लिहिताना हे विसरलात तर नायिका भर उन्हात पोचेल.

हुंड्याचे आकडे दोन्हीकडे लागतील. शहराने १४२५ मध्ये ‘मोन्ते देल्ले दोती’ ही हुंड्याची सरकारी ठेव काढली. मुलगी लहान असताना बाप साडेसात किंवा पंधरा वर्षांसाठी पैसे गुंतवायचा, आणि रक्कम मिळायची नवऱ्याला, तीही शरीरसंबंध होऊन लग्न पक्कं झाल्यावर. आलेस्सांद्रा माचिंगी स्त्रोत्सी या फ्लॉरेन्सच्या विधवेचं मुलाला लिहिलेलं १४४७ चं पत्र बघा. मुलगी कातेरिना हिला १००० फ्लोरिन हुंडा: ५०० पुढच्या मे महिन्यात मोन्तेमधून सुटणारे, उरलेले ५०० रोख आणि रुखवत मिळून. त्याहून मोठ्या घरात द्यायची तर १४०० ते १५०० लागले असते, आणि ते कुटुंबाला बुडवणारं झालं असतं, असं ती मुलाला स्वच्छ लिहिते. आलेस्सांद्राचा नवरा राजकीय हद्दपारीत वारलेला. त्यामुळे मुलगी रेशीमव्यापारी पारेंतीकडे गेली. दोन ओळींत प्रेमकथेचा आणि सत्तेच्या इतिहासाचा कच्चा माल एकत्र आहे. लेखातही हे उदाहरण घ्याच.

दगडीपूल

संपादनात हमखास सापडणाऱ्या चुका, भराभर.

१४७८ मध्ये लोरेन्झो ड्यूक नाही, राजपुत्र नाही, त्याला ‘दरबार’ नाही. तो कायद्याने साधा नागरिक. फ्लॉरेन्सला पहिला ड्यूक १५३२ मध्ये मिळाला. ही चूक कादंबरीत खपते, पण लेखाचा पायाच उखडते.

पोन्ते वेक्क्यो पुलावर सोनार बसवू नका. तिथे खाटीक होते. सोनार आले १५९३ च्या हुकमाने. नायकाने तिथून अंगठी घेतली तर वास आधी येईल. उफित्सीची (आजच्या कलादालनाची) इमारत १५६० पासूनची, चौकातला मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ पुतळा १५०४ चा. कॅथेड्रलच्या घुमटावर सोन्याचा मुलामा दिलेला गोळा १४७१ मध्येच बसला होता, तो दाखवा.

संबोधनं: ‘मेस्सेर’ फक्त सरदारकी मिळालेल्याला किंवा कायद्याच्या डॉक्टरला. नोटरीला ‘सेर’. लग्न झालेल्या बाईला ‘मोन्ना’. कापडव्यापाऱ्याला मेस्सेर म्हटलं की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

शाईदौत

मनापासून आभार. मे महिन्याचा कायदा धरून सगळं नव्याने मांडते. एक शंका: नायकाला सिन्योरियात, म्हणजे शहराच्या सरकारी मंडळात, निवडून आणायचं होतं. प्रेमासाठी तो पद सोडतो, असं. वय तेवीस ठेवलंय.

बखरवाचक

तेवीस चालणार नाही. प्रिओरे (त्या मंडळाचा सदस्य) व्हायला किमान तीस लागत, गोन्फालोनिएरेला (मंडळाचा प्रमुख) पंचेचाळीस. तीस करा, १४२७ च्या करगणनेत पुरुषांचं लग्नाचं वय तीसच्या आसपास आणि मुलींचं अठराच्या आसपास दिसतं, त्यामुळे जोडी विश्वसनीयच होईल.

शिवाय ‘निवडून’ येत नसत. पात्र माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या पिशव्यांत, त्यातून सोडत. आठ प्रिओरे आणि एक गोन्फालोनिएरे, मुदत फक्त दोन महिने, आणि तेवढे दिवस राहणं सरकारी राजवाड्यातच. मेदिचींची करामत होती ती पिशवीत कोणाची नावं जाणार हे ठरवणाऱ्या अक्कोप्पियातोरींना हाताशी धरण्यात. तुमच्या लेखाचा कणा हाच.

पद ‘सोडण्यापेक्षा’ नाट्यमय सोय तिथे आयती आहे. चिठ्ठी निघाली तरी माणूस बसेलच असं नाही. कर थकलेला असेल, नातेवाईक नुकताच पदावर असेल, तर नाव वाचून बाजूला ठेवत. त्याला म्हणायचे ‘वेदुतो’, म्हणजे ‘पाहिला गेलेला’. बसला तो ‘सेदुतो’. वेदुतो होणंही मानाचं, कारण पिशवीत नाव होतं हे गावाला कळायचं. तेव्हा नायकाची चिठ्ठी लग्नाआधी एकदा निघू द्या आणि बापाच्या थकलेल्या करामुळे बाजूला पडू द्या. बाप कर्ज काढून कर भरतो, पुढच्या सोडतीची वाट बघतो. आणि मुलगा नोटरीला बोलावून पात्सींच्या मुलीच्या बोटात अंगठी घालतो.