'अपग्रेड'ची पेटी असेंबल्ड संगणकावर चालत नाही, दुकानदार परत घेत नाही. आते काय करानं?

शिरपूरकर:
राम राम मंडळी. खताच्या दुकानातला संगणक असेंबल्ड आहे, कोरी हार्डडिस्क. त्यासाठी धुळ्यातून विंडोज प्रोची पेटी आणली. इन्स्टॉल झालं, पण प्रॉडक्ट की (पेटीतला कोड) टाकली की एरर येते, शेवटी एफ०६१. पेटी नीट पाहिली तर दुकानाने चिकटवलेल्या किमतीच्या स्टिकरखाली 'अपग्रेड' निघालं. बिलावर नुसतं 'विंडोज प्रो, १ नग'. घेऊन ११ दिवस झाले. दुकानदार म्हणतो, कोड खरवडला, आता परत नाही. घरी विंडोज होम असलेला लॅपटॉप आहे, त्यावर ही की चालेल का?

भुसावळ_हार्डवेअर:
भाऊ, पूर्ण एरर सी००४एफ०६१ असेल तर की खोटी नाही. ती फक्त अपग्रेडची आहे, खाली आधीचं अस्सल विंडोज लागतं. कोऱ्या डिस्कवर प्रो बसेल, पण अॅक्टिव्हेट होणार नाही. कितीही वेळा फॉरमॅट मारा, तेच होईल.

लॅपटॉपचं आधी तपासा. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, इंग्रजीत एसएलएमजीआर, एक जागा सोडून /डीएलआय टाइप करा. खिडकीत 'ओईएम' (लॅपटॉपसोबतच आलेलं) किंवा 'रिटेल' (दुकानातून सुटं घेतलेलं) आणि खाली 'लायसन्स्ड' दिसलं तर ठीक. 'व्हॉल्यूम' दिसलं तर कुणीतरी कंपनीची की मारून दिलेली आहे. त्यावर अपग्रेड चढवून उपयोग नाही.

पण वाद मिटेपर्यंत ही की लॅपटॉपवर टाकू नका. एकदा चालली की 'वापरलेला माल' म्हणून दुकानदार मोकळा. आणि जुन्या संगणकावरच्या विंडोज ७ च्या कीच्या स्टिकरचा आधार शोधत असाल तर तो रस्ता सप्टेंबर २०२३ पासून बंद आहे.

जळगाव_काउंटर:
दुकानदाराची बाजूही ऐका. खरवडलेला कोड वितरक आमच्याकडून परत घेत नाही, तो तोटा दुकानाच्याच गळ्यात. म्हणून रोख परत मागण्याआधी 'फरक देतो, फुल रिटेल (कोऱ्या डिस्कवर चालणारी पेटी) द्या' म्हणून पाहा, बरेच जण तयार होतात. पण अपग्रेडचा शब्द स्टिकरखाली गेला असेल तर बोलायला तोंड नाही आमच्याकडे.

चाळीसगाव_ग्राहक:
फरक कशाला भरायचा? स्टिकर काढू नका, आहे तसा फोटो घ्या. वजनमापे कायद्याच्या २०११ च्या पॅकिंग नियमांत कमी केलेल्या किमतीचं स्टिकर चालतं, तेही मूळ एमआरपी न झाकता. किंमत वाढवलेली असेल तर तो वेगळाच गुन्हा. त्यामुळे उजेडात धरून खाली कुठली किंमत आहे ते वाचा.

'विकलेला माल परत नाही' ही पाटी सदोष मालाला लागू नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तो म्हणेल, माल सदोष नाही, की चालते. तेव्हा मुद्दा दोषाचा न ठेवता चुकीच्या माहितीचा ठेवा: बिलात 'अपग्रेड' शब्द नाही, पेटीवरचा झाकलेला. तुमचं बिलच तुमचा साक्षीदार.

आधी दुकानाला रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पत्र, १५ दिवसांची मुदत. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. नाहीच जमलं तर धुळे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. एकच अडचण: बिल तुमच्या खताच्या दुकानाच्या जीएसटी नंबरवर असेल तर समोरचा वकील 'व्यापारी वापर' म्हणणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलं असेल तर कायद्यात सूट आहे, तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

शिरपूरकर:
बिल माझ्या नावावर आहे, जीएसटी नंबर नाही. स्टिकरखालची किंमत वाचता आली: स्टिकरवरच्यापेक्षा ७०० रुपयांनी कमी.

चाळीसगाव_ग्राहक:
मग पत्रात पहिली ओळ तीच.