दवाखान्याची फरशी : चकाकीआधी सांधे पाहावेत

चाळीसगावच्या नियोजित दवाखान्यात सर्वत्र चकचकीत व्हिट्रिफाइड (पाणी जवळपास न शोषणारी) टाइल बसवावी, या सूचनेशी मी अंशतःच सहमत आहे. टाइल टिकते, दोष असतो तो तिच्या सांध्यांत, कारण साध्या सिमेंटने भरलेले सांधे सच्छिद्र असल्यामुळे रक्त, औषधे आणि पुसण्याचे पाणी शोषून घेतात. म्हणून शस्त्रक्रियागृहात व अतिदक्षता विभागात, उष्णतेने सांधे जोडलेले २ मिमी जाडीचे व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचे लवचीक आवरण, अंथरावे आणि ते गोलाई देऊन भिंतीवर सुमारे १०० मिमी चढवावे, म्हणजे कोपऱ्यांत घाण साचत नाही. मात्र खालचा कोबा पूर्ण वाळल्याखेरीज ते चिकटवू नये. ओल राहिली की फुगे येतात. त्यातही आपल्या तापी-गिरणेकाठच्या काळ्या मातीवर भराव नीट दाबला नसेल, तर कोबाच तडकतो, मग वरचे महागडे साहित्य काय करणार? प्रवेशद्वारापाशी व बाह्यरुग्ण विभागात, जिथे पावसाळ्यात शेतातला चिखल चपलांबरोबर आत येतो, तिथे खडबडीत पृष्ठभागाची टाइल किंवा पॉलिश न केलेला कोटा दगड बरा. रंग फिकट चालेल, पण चकाकी नको. चमकणारी फरशी वयस्कर रुग्णांना ओली भासते आणि ते पावले बिचकत टाकतात.