बाबांच्या ट्रॅक्टर कर्जाच्या सेटलमेंटवर आयकराची नोटीस आली आहे, उत्तर कसं द्यायचं? मदत हवी आहे

अडाण_काठ

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यातून लिहिते आहे. नोटीस बाबांच्या नावाने आहे. ते सातवी शिकलेले आणि नोटीस सगळी इंग्रजीत, म्हणून मला वाचून समजलं तेवढं मांडते. लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमची सहा एकर कोरडवाहू. कापूस, त्यात तुरीचे तास. २०१६ साली बाबांनी एका फायनान्स कंपनीकडून ५,६०,००० रुपये कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. घरची वखरणी-पेरणी झाली की गावात भाड्याने चालायचा. वर्षभर हप्ते नीट गेले. मग २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि कवडी झालेला कापूस. आमचं गेलं तसं गावाचंही गेलं, त्यामुळे ट्रॅक्टरचं भाडंसुद्धा लोकांकडे अडकून पडलं. हप्ते थकले ते थकलेच. २०२० च्या लॉकडाउनने उरलंसुरलं संपवलं.

शेवटी कंपनीने सेटलमेंट करून दिली. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पत्राप्रमाणे खात्यावर ६,१६,४०० रुपये निघत होते. त्यात मुद्दल २,७४,००० आणि बाकीचे ३,४२,४०० म्हणजे व्याज, दंडव्याज, चेक परत गेल्याचे आकार. २,३०,००० रुपये तीन हप्त्यांत भरा, उरलेले ३,८६,४०० सोडतो, असं ठरलं. आईची पोत मोडली, थोडे पैसे मामांनी दिले आणि शेवटचा हप्ता २८ मार्च २०२३ ला भरला. एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, मात्र १९ एप्रिलला मिळाली. त्या दिवशी कंपनीने आणखी ३८,६४० रुपये 'इतर शुल्क' म्हणून घेतले. कसलं शुल्क ते विचारलं तर 'भरल्याशिवाय एनओसी निघत नाही' एवढंच उत्तर.

आता ऐन वेचणीत पोस्टमन पाकीट देऊन गेला. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ (म्हणजे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ चं उत्पन्न), कलम १४८ए. कलम १९४आर खाली 'लाभ किंवा सवलत' म्हणून ३,८६,४०० रुपयांची नोंद तुमच्या पॅनवर आहे, ती रिटर्नमध्ये दिसत नाही, हे उत्पन्न करातून सुटलं असं का समजू नये, असा साधारण अर्थ आहे.

बाबांनी पाकीट सातबारा आणि बियाण्याच्या बिलांच्या पिशवीत ठेवून दिलं. मला चार दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकांकडून, कारण बाबा त्यांना गोऱ्ह्यांच्या जोडीचा भाव विचारून आले होते. ३,८६,४०० हा आकडा त्यांनी भरायची रक्कम म्हणून वाचला होता. मी समजावलं की हा कर नाही, ज्यावर कर लावायचा म्हणतात ती रक्कम आहे. त्यावर ते म्हणाले, "पैसा त आपल्या हातात आलाच नाही बाई. जो भरला नाही, तो कमावला कसा झाला?"

माझाही प्रश्न तोच आहे.

रिटर्न तालुक्याला एक जण भरून देतो. पुढे कर्ज मिळावं म्हणून तीन-चार वर्षं त्याच्याकडूनच भरलं. त्याने ट्रॅक्टरच्या भाड्याचं उत्पन्न व्यवसाय म्हणून कलम ४४एडी मध्ये (हिशोबवही न ठेवता अंदाजे नफा दाखवायची सोपी पद्धत) दाखवलंय, त्या वर्षी २,७०,०००. शेतीचं फक्त ५,०००. आयकराच्या पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल त्याचाच आहे, म्हणून आधी काही मेसेज आले असतील तर आम्हाला ते कळलेच नाहीत. आता तो १५,००० मागतो आणि 'मॅनेज करून देतो' म्हणतो. मला मॅनेज नको आहे, खरं उत्तर द्यायचं आहे. उत्तराला अकरा दिवस उरलेत. माफ झालेलं कर्ज खरंच उत्पन्न होतं का? उत्तरात काय लिहायचं आणि काय जोडायचं? आणि सातबाऱ्यावर बोजा चढेल का, हे बाबा रोज विचारतात.

पैनगंगा_तीर

ताई, आधी नोटीस खरी आहे का ते बघा. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन म्हणून एक क्रमांक असतो. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो. आमच्याकडे एकाला खोट्या नोटिशीवर पैसे भरायला लावले होते.

आणि बाबांना सांगा, ही नुसती विचारणा आहे. करमागणीच अजून निघालेली नाही, तर सातबाऱ्यावर कुठून काय चढणार? गोऱ्हे विकू देऊ नका.

एक शंका: २०१९ च्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत माझ्या वडिलांचं दोन लाखांच्या आतलं पीककर्ज माफ झालं. तेही असं दिसेल का?

अडाण_काठ

डीआयएन तपासला, नोटीस खरी आहे. आधार ओटीपीने पासवर्ड बदलला, ईमेल आणि मोबाइल आता माझा टाकलाय. बाबांना तुमचा निरोप वाचून दाखवला. आज जेवले नीट.

जुना_करसल्लागार

पैनगंगा, तुमच्या वडिलांचं पीककर्ज शेतीसाठी होतं आणि शेतीचं उत्पन्न कलम १०(१) खाली करमुक्त आहे. त्याची काळजी नको. ताईंचं प्रकरण वेगळं आहे, कारण ट्रॅक्टर भाड्याने चालत होता आणि रिटर्नमध्ये तो व्यवसाय म्हणून लिहिलाय. तिथूनच ही गाठ पडली आहे.

ताई, तुमच्या बाबांनी विचारलं तोच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. महिंद्र अँड महिंद्रने जीपच्या कामाची यंत्रसामग्री घ्यायला एका अमेरिकी कंपनीचं कर्ज घेतलं होतं आणि पुढे ते माफ झालं. माफ झालेली ५७,७४,०६४ रुपयांची रक्कम उत्पन्न धरायची, असं खात्याचं म्हणणं होतं. २४ एप्रिल २०१८ ला न्यायालयाने ते फेटाळलं. व्यवसायाचं उत्पन्न सांगणाऱ्या कलम २८ च्या चौथ्या उपकलमातला 'लाभ' तेव्हा पैशाच्या रूपातला नसलाच पाहिजे असा होता, आणि कर्जमाफी म्हणजे पैसाच. राहिलं कलम ४१(१), जे सुटलेलं देणं उत्पन्नात धरतं. ते लागायला आधी त्या रकमेची खर्च म्हणून वजावट घेतलेली असावी लागते. यंत्र घ्यायच्या कर्जाच्या मुद्दलाची वजावट कोणी घेत नाही.

पण एवढ्यावर विसंबून उत्तर लिहू नका. २०२३ च्या वित्त कायद्याने तेच चौथं उपकलम बदललं आणि रोखीतला लाभही त्यात आणला. हा बदल करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे, म्हणजे १ एप्रिल २०२३ नंतरच्या व्यवहारांना. नोटीस नेमकी त्याच वर्षाची आहे. आता तुमच्या तारखा बघा. शेवटचा हप्ता २८ मार्च २०२३ ला गेला. सेटलमेंटचं पत्र पुन्हा वाचा आणि कर्ज कधी संपल्याचं धरायचं ते त्यात कसं लिहिलंय ते शब्दशः इथे टाका. शेवटचा हप्ता भरताच खातं बंद, असं असेल तर माफी मार्चमध्ये झाली. एनओसी हा नंतरचा कागद. तीन दिवसांच्या फरकाने तुम्ही जुन्या कायद्यात बसता.

दुसरं, तुम्ही भरलेले २,३०,००० मुद्दलात वळते केले का तेही बघा. केले असतील तर सोडलेल्या रकमेत मुद्दल फक्त ४४,००० आणि बाकी ३,४२,४०० न भरलेलं व्याज-दंड. त्याचा वेगळा खर्च रिटर्नमध्ये कुठे दाखवलेला नाही. खातं म्हणू शकतं की ४४एडी मध्ये सगळा खर्च आपोआप मिळाल्याचं धरतात. त्यावर तुमचं उत्तर असं की ४४एडी स्वतःच २८ ते ४३सी ही कलमं बाजूला ठेवून सुरू होतं, मग २८ आणि ४१ पुन्हा मागच्या दाराने आणता येत नाहीत. वादाचा मुद्दा आहे, पण मांडायलाच हवा.

१९४आर जुलै २०२२ पासून आलं: व्यवसायातून वर्षाला २०,००० च्या वर लाभ देणाऱ्याने १० टक्के टीडीएस (आधीच कापून सरकारजमा करायचा कर) करायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परिपत्रक १८ निघालं. शेड्युल्ड बँका, सहकारी बँका, ठेवी घेणाऱ्या फायनान्स कंपन्या वगैरेंना सेटलमेंटवर हा टीडीएस करायची गरज नाही, असं त्यात आहे. तुमची कंपनी त्या यादीत आहे का ते तपासा. मात्र टीडीएस कापायचा नाही म्हणजे कर लागत नाही, असं ते परिपत्रक म्हणत नाही. ही चूक बऱ्याच उत्तरांत दिसते.

वऱ्हाडी_हिशोब

मी सीएकडे काम करतो. ताई, एक गोष्ट डोळ्यात भरली. ३,८६,४०० चे १० टक्के किती? ३८,६४०. तुमचं 'इतर शुल्क' रुपयावर रुपया तेवढंच आहे. तो टीडीएस होता. कंपनीने तो तुमच्याकडूनच घेतला आणि एप्रिलमध्ये घेतला म्हणून नोंद पुढच्या वर्षात गेली असणार. २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा पोर्टलवरचा उतारा) उघडून बघा, बाबांच्या पॅनवर ३८,६४० जमा दिसले पाहिजेत.

दिसले तर पुढचं गणित धीर देणारं आहे. समजा खात्याने काहीच ऐकलं नाही आणि सगळी रक्कम उत्पन्नात धरली. २,७०,००० अधिक ३,८६,४०० म्हणजे ६,५६,४००. त्या वर्षी नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत ८७ए ची सूट आहे, २५,००० पर्यंत. आता शेतीचं उत्पन्न. सोप्या फॉर्मात शेतीचं ५,००० च्या वर दाखवता येत नाही, म्हणून भरणाऱ्याने ५,००० टाकले असतील. ते चुकीचं आहे, खरं निव्वळ उत्पन्न सांगा. शेतीवर कर नसला तरी दर काढताना ते मिळवतात. मी १,५०,००० धरून हिशोब केला. एकूण ८,०६,४०० वरचा कर ३५,६४०. त्यातून शेती अधिक तीन लाखांची करमुक्त मर्यादा, म्हणजे ४,५०,००० वरचा कर ७,५०० वजा. राहिले २८,१४०. सूट २५,०००. राहिले ३,१४०, उपकरासह साधारण ३,२७०. आणि जमा आहेत ३८,६४०.

म्हणून उत्तरात दोन टप्पे ठेवा. आधी 'हे उत्पन्नच नाही, आणि या वर्षाचं तर नाहीच.' मग 'हे मान्य न झाल्यास' असं लिहून हा हिशोब आणि टीडीएसची मागणी. दुसरा टप्पा वगळू नका.

एआयएसमध्ये (खात्याकडे तुमच्याबद्दल आलेल्या माहितीची पोर्टलवरची यादी) त्या नोंदीवर अभिप्रायही द्या. 'माहिती दुसऱ्या वर्षाची आहे' असा पर्याय तिथे असतो. तो अभिप्राय खुलाशासाठी कंपनीकडे जाऊ शकतो. कंपनीलाही लेखी पत्र द्या, टीडीएस विवरण दुरुस्त करता येतं.

अडाण_काठ

तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत. २६एएसमध्ये ३८,६४० आहेत. मी तो आकडा तीन वेळा वाचला. आईच्या पोतीतून गेलेला पैसा 'इतर शुल्क' नावाने घेतला, तो टीडीएस आहे हे कोणी सांगितलं नाही, रिटर्न भरणाऱ्यानेही बघितलं नाही. याचा राग मला नोटिशीपेक्षा जास्त आला.

सेटलमेंटच्या पत्रात वाक्य असं आहे: 'अंतिम हप्ता प्राप्त होताच खाते बंद समजण्यात येईल व उर्वरित रकमेवर कंपनीचा हक्क राहणार नाही.' भरलेली रक्कम प्रथम मुद्दलात वळती, हेही आहे. पण २८ मार्चची पावती मशीनच्या गुळगुळीत कागदावरची, अक्षरं जवळजवळ उडालेली. उजेडात तिरकी धरली तर तारीख दिसते. म्हणून बँकेतून बाबांच्या पासबुकाचा त्या तिमाहीचा शिक्का मारलेला उतारा आणला, त्यात तिन्ही हप्ते स्वच्छ आहेत. कोणाचं सेटलमेंट चालू असेल तर पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.

शेतीचा हिशोब काल रात्री बाबांबरोबर बसून मांडला. कापूसपट्ट्या, खताची बिलं, वेचणीची मजुरी वहीतून घेतली. निव्वळ १,३२,००० आले, तेच लिहिलं. यवतमाळच्या एका सीए मॅडमनी मसुदा तपासून दिला, २,००० रुपये घेतले. कायद्याचा भाग त्यांनी नीट बसवला आणि ४४एडी चा मुद्दाही ठेवला. उत्तर मुदतीच्या तीन दिवस आधी पोर्टलवरच्या ई-प्रोसीडिंग्जमध्ये चढवलं. सोबत सेटलमेंट पत्र, कंपनीचा खातेउतारा, पासबुकाचा उतारा, एनओसी, ३८,६४० ची पावती आणि २६एएस. पोच मिळाली आहे. एआयएसवर अभिप्राय दिला, कंपनीला रजिस्टर पत्र टाकलं.

एक विचारायचं राहिलं. कंपनी टीडीएस विवरण दुरुस्त करून नोंद आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये नेते म्हणाली, तर ३८,६४० ची जमाही त्या वर्षात जाईल आणि आमचा दुसरा टप्पा मोडेल. आदेश येईपर्यंत त्यांना थांबा म्हणावं का? जुना_करसल्लागार, तुमचं मत हवं आहे.

जुना_करसल्लागार

थांबा म्हणा, आणि लेखी म्हणा. आत्ता त्यांच्याकडून फक्त एवढं पत्र मागा की माफी २८ मार्च २०२३ ला झाली आणि ३८,६४० हा टीडीएस होता. ते मिळालं की त्याच प्रकरणात पुरवणी उत्तर म्हणून चढवा. आदेश कसाही आला तरी त्यातली तारीख आणि कलमं इथे टाका, मी वाचतो.