लायर-गिटारची घोडी उचललीय: पुण्यात दुरुस्ती कुठे, कशी?

सदाशिवपेठी: जुनी लायर-गिटार आहे. दोन वळणदार बाहू, वर आडवी पट्टी, लाकडी खुंट्या, सहा तारा (सध्या स्टीलच्या). घोडीची (तारा ज्या लाकडी ब्रिजवर टेकतात त्याची) मागची कड उचललीय, डाव्या बाहूचा वरचा जोड उघडलाय. वाजती करायचीय. कोणाकडे न्यावी?

तातवाला: आधी तारा उतरवा, आजच. सगळ्या थोड्याथोड्या सैल करत, एकेक पूर्ण सोडू नका. हा आकार साधारण १७८० ते १८२० या काळात फ्रान्समध्ये गाजला. लायर या प्राचीन ग्रीक तंतुवाद्याची हौस होती, दिवाणखान्यात उभी ठेवली तरी शोभावी म्हणून बूड सपाट. वाद्य बांधलंय तातीसाठी, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या तारांसाठी. स्टीलच्या बारा नंबर (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच) सेटचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो, नायलॉनचा ४०च्या आसपास, म्हणून घोडी उखडते. शिवाय मान पुढे झुकली की आडव्या पट्टीतून ओढ बाहूंवर येते. त्यामुळे मान सरळ आहे का ते आधी पाहा, नाहीतर चिकटवलेला जोड पुन्हा उघडेल.

रंधा_पटाशी: फेव्हिकॉल, एपॉक्सी अजिबात नको. पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो आणि जुन्या गोंदावर नवा धरत नाही. सरसच (जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद) वापरा: वजनाने एक भाग दाणे, दोन भाग पाणी, काही तास भिजवून गरम पाण्यातल्या भांड्यात ६० अंशांवर. फार तापवला तर जोर जातो.

घोडी अर्धवट उचललेली असेल तर कोमट पात सरकवून पूर्ण काढा. तबलीचे (वाद्याच्या पुढच्या लाकडी फळीचे) रेशे उचकटू लागले की थांबा, उलट बाजूने या. जुना सरस कोमट फडक्याने पुसा, पॉलिशपेपर मारू नका, बसणी बिघडते. एक दिवस वाळू द्या. मग जोड हेअर ड्रायरने कोमट करून लगेच चिकटवा, कारण गार लाकडावर सरस मिनिटभरातच गोठतो. क्लॅम्प २४ तास. ध्वनिछिद्रातून छोटा आरसा घालून आतल्या पट्ट्याही तपासा.

सदाशिवपेठी: मान सरळ आहे. घोडी स्वतः काढायची हिंमत नाही.

तातवाला: मग मिरजेला न्या. सतारी-तंबोरे करणाऱ्यांचा हात सरसावर आणि खुंट्यांवर बसलेला असतो. दोन गोष्टी लिहून द्या: मूळ पॉलिश खरवडायचं नाही आणि घोडीला स्क्रू मारायचा नाही. नंतर तात किंवा कृत्रिम तात लावा, सुरुवातीला एक स्वर खाली.

रंधा_पटाशी: पुण्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर, एप्रिलच्या दुपारी ३०च्या खाली. तबली तडकते ती या फरकाने. पेटीत आर्द्रतामापक ठेवून ४५ ते ५५ राखा आणि चिकटवणं शक्यतो पावसाळा उलटल्यावर करा.