टर्नटेबल लावलं की स्पीकरमधून घूंऽऽ... काय बघावं?

अंबाजोगाईवाला
मामांचं टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) मागच्या महिन्यात हैदराबादहून आणलं. बेल्ट ड्राइव्ह, मूव्हिंग मॅग्नेट पिकअप (सुई बसलेला भाग), सोबत दीडशेक एलपी. जुन्या ॲम्पच्या फोनो (टर्नटेबलसाठीच्या) इनपुटला जोडलंय. वाजतं छान, पण मागं एकसारखं घूंऽऽ चालू. तबला-पेटी असली की कळत नाही, नुसत्या तंबोऱ्यावर आलाप लागला की शेजारी पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं.

मोटर बंद ठेवून सिलेक्टर फोनोवर केला तरी आवाज आहेच. ऑक्सवर (दुसऱ्या इनपुटवर) एकदम शांत. आर्मला (पिकअप धरणाऱ्या दांडीला) बोट लावलं की वाढतो. अर्थची बारीक वायर ॲम्पच्या मागच्या स्क्रूला घट्ट आहे, तीनदा बघितली.

गल्लीतल्या एका वायरमनने ॲम्पच्या प्लगची जाड पिनच काढून टाकली, म्हणाला अर्थिंगमुळे होतंय. घूं जशीच्या तशी, वर आता ॲम्पला हात लावला की मुंग्या येतात. आईनं त्या टेबलाखालचा केर काढणं सोडलंय.

नांदेडचा पोट्टा
ऑनलाइन ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. टर्नटेबल आणि ॲम्पच्या मधी लावा, विषय संपला.

जुना मेकॅनिक, परभणी
सर, आधी ती पिन परत बसवा. बसवल्याशिवाय पुढचं वाचू नका.

बसवली? आता ऐका. आयसोलेटरमधी दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात. टीव्ही आणि ॲम्पच्या मधी चालतील. पिकअपच्या मागं लावले तर स्वतःच घूं पकडतील अन् खर्जही खातील.

पिकअपमधून निघतात जेमतेम 5 मिलिव्होल्ट. फोनोचा भाग त्याला शंभरेक पट करतो. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो, म्हणून वाजवताना तो उचलावा लागतो. 1000 हर्ट्झच्या मानानं 50 हर्ट्झ साधारण 7 पट जास्त उचलला जातो. अन् आपली लाईन बी 50 हर्ट्झचीच. म्हणजे चोराला दार आपणच उघडून द्यायलोत. पूर्वी दुकानात पेटीवाले प्लेअर यायचे, त्यात सिरॅमिक पिकअप. त्याचा आवाजच दांडगा, त्याला ही कटकट नव्हती.

बोट लावल्यावर वाढतो म्हणालात, तितंच निम्मं काम झालं. आर्मची नळी अर्थला जोडलेली असती तर बोटानं काही फरक पडला नसता. वायर स्क्रूला घट्ट असंल, पण आतून तुटली असंल तर स्क्रू काय करील? ॲम्पचा अन् टर्नटेबलचा, दोन्ही प्लग बोर्डातून काढा. मीटर बीपवर ठेवा. एक टोक त्या वायरच्या स्क्रूकडच्या टोकाला, दुसरं आर्मला. नळीवर रंग असला तर बीप येत नाही, हेडशेल (आर्मचं पिकअप बसवलेलं टोक) काढून उघड्या धातूला लावा.

हेडशेल काढलंच तर चार बारक्या वायरीही बघा. लाल-हिरवी उजव्या चॅनेलची, पांढरी-निळी डाव्या. क्लिप ढिली असंल तर शिवणाच्या सुईच्या टोकानं हळूच दाबा. पिकअपच्या पिनेला सोल्डर मात्र चुकूनही लावू नका, आतली कॉइल जाती.

अंबाजोगाईवाला
काका, बीप आली नाही!

प्लॅटर (फिरती थाळी) काढून, टर्नटेबल गोधडीवर उलटं ठेवून तळ उघडला. आर्मच्या खालच्या टॅगला वायर चिकटलेली दिसत होती, जरा ओढली तर हातात आली. आत तांब्याला हिरवा गंज. कापून, साफ करून परत सोल्डर केली. घूं बारा आण्यांनी गेली, बोट लावून आता काहीच होत नाही. पण आर्म मधल्या लेबलाकडं नेला की थोडी वाढते. पिन बसवली तरी मुंग्याही बारीक येतातच.

जुना मेकॅनिक, परभणी
ॲम्प टर्नटेबलच्या अगदी जवळ किंवा खाली ठेवलाय काय? त्याचा ट्रान्सफॉर्मर पिकअपला धरतोय. आर्म लिव्हरनं उचलून मधोमध ठेवा, सुई टेकवू नका, आवाज मोठा करा अन् कुणाला तरी ॲम्प इकडंतिकडं सरकवायला सांगा. जागा कानालाच कळती.

मुंग्यांचं वेगळं. बोर्डात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ किती व्होल्ट दाखवतंय ते सांगा. हात जपून.

अंबाजोगाईवाला
231, 168, 62.

जुना मेकॅनिक, परभणी
मग घरात अर्थ नाहीच, नुसती तिसरी वायर आहे. फेज-अर्थ 231 च्या जवळपास यायला पाहिजे अन् न्यूट्रल-अर्थ दोन-तीनच्या आत. काळी माती, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडला असंल. दुसरा वायरमन बोलवा, खड्ड्याची जोडणी बघा, मीठ-कोळसा भरून पाणी सोडा. घूंचा याच्याशी फार संबंध नाही. आईचा आहे.

गंजगोलाई
इथं प्यायला टँकर अन् काका म्हणतात खड्ड्याला पाणी घाला! 2016 ला आम्हाला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंतं.

जुना मेकॅनिक, परभणी
आरओचं वाया जातं ते घाला की.

अंबाजोगाईवाला
खड्ड्यातला क्लॅम्प गंजून सुटला होता. नवीन टाकला, आरओच्या चार बादल्या सोडल्या. फेज-अर्थ 228. ॲम्प डावीकडं मामांच्या ट्रंकेवर गेला, लेबलाजवळही शांत. आईनं काल टेबलाखालून झाडू मारला.

एकच राहिलं. लाईट गेली की इन्व्हर्टरवर घूंऐवजी भर्रर्र असा आवाज येतो.

जुना मेकॅनिक, परभणी
चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर असंल. त्यावर पंखा बी कुरकुरत असंल बघा. लाईट येईपर्यंत रेकॉर्ड पाकिटात घालून ठेवा.