पाळीची वाट पाहावी लागत नाही

कॅन्सरच्या उपचारांनंतरही पुढे मूल होता यावं म्हणून केमोआधी बीजांडं काढून गोठवता येतात. त्यावर "बीजांडं गोठवायची तर महिना-दीड महिना जातो, तेवढा वेळ कॅन्सर देत नाही" असं म्हणतात. ते पूर्वी बरोबर होतं, आता नाही. तेव्हा पाळी येईपर्यंत थांबून बीजांडं वाढवायची इंजेक्शनं सुरू करत. आता ती पाळीच्या चक्राच्या कुठल्याही दिवशी सुरू करतात आणि साधारण दोन आठवड्यांत बीजांडं काढून होतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढायची धास्ती असते, म्हणून ते कमी ठेवायला सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी हेच केलं. रोज रात्री ठरल्या वेळी फ्रिजमधून इंजेक्शनचं पेन काढायचं, पोटाची चिमूट धरून टोचायचं. त्याच दिवसांत तिचे स्कॅन आणि पोर्ट (केमोचं औषध शिरेत सोडायला कातडीखाली बसवतात ते छोटं उपकरण) बसवणंही उरकलं. केमो एक दिवसही पुढे गेली नाही. पण हे जमलं ते मी विचारलं म्हणून. डॉक्टरांनी आपणहून विषयच काढला नव्हता, त्याचा राग अजून जात नाही.

लहान मुलींबद्दल सहसा कुणीच बोलत नाही. पाळी सुरू न झालेल्या मुलीची बीजांडं अशी इंजेक्शनं देऊन काढता येत नाहीत. तिथे दुर्बिणीतून बीजांडकोशाचा भाग काढून गोठवतात आणि ती मोठी झाल्यावर परत बसवतात. गोठवलेला भाग असा परत बसवल्यावर पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) मात्र त्या तुकड्याबरोबर कॅन्सरच्या पेशी परत शरीरात जाण्याचा धोका असतो, तेवढं आधी नीट विचारून घ्या.