रस्ता रुंदीकरणासाठी ४३ झाडांवर नोटिसा, हरकतीला ७ दिवस. नेमकं काय करायचं?

जांभूळपार
महापालिका हद्दीतला १८ मीटरचा रस्ता २४ मीटर करायचा आहे. साधारण ७०० मीटरच्या पट्ट्यात ४३ झाडांवर उद्यान विभागाच्या नोटिसा लागल्या आहेत. आम्ही मोजली तेव्हा १४ वर्षावृक्ष (रेन ट्री), ९ कडुनिंब, ७ सुबाभूळ, ५ गुलमोहर, ३ वड, ३ पेल्टोफोरम आणि २ उंबर भरले. नोटिशीत "३१ तोडणे, १२ पुनर्रोपण" असं आहे. हरकतीची मुदत ७ दिवस, त्यातले २ गेले.

रहिवाशांचा गट तयार आहे, पण कुणाला प्रक्रिया माहीत नाही. दोनशे सह्यांचं एकच निवेदन द्यावं की वेगवेगळी पत्रं? माहिती अधिकार टाकावा का? पुनर्रोपणाच्या आश्वासनावर विश्वास ठेवावा का? आणि मुदतीआधीच कटर घेऊन आले तर?

वडपिंपळ
आधी नोटीस नीट वाचा आणि प्रत्येक झाडावरच्या नोटिशीचा फोटो काढा. पावसाने किंवा कुणाच्या हाताने ती उद्या गायब होते आणि मग "नोटीस होती का, कधीची होती" इथूनच वाद सुरू होतो. फोटोत तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटवणारं ॲप वापरा. एक फोटो नोटिशीचा जवळून, दुसरा मागचं दुकान किंवा विजेचा खांब दिसेल असा लांबून.

लागू होणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. कलम ८ वृक्षतोडीच्या परवानगीबद्दल आहे. नोटीस झाडावर ठळक जागी लावायची आणि वर्तमानपत्रातही द्यायची, असं दोन्ही अपेक्षित आहे. त्यामुळे जाहिरात कोणत्या दैनिकात, कोणत्या तारखेला आली हे शोधा. दोन्हीकडच्या तारखा आणि झाडांचे आकडे जुळत नसतील तर हरकतीतला पहिला मुद्दा तोच.

सह्यांचं एकच निवेदन देऊ नका. दोनशे सह्या असल्या तरी आवक नोंदवहीत ती एकच हरकत ठरते आणि सुनावणीला एकालाच बोलावणं येतं. प्रत्येकाचं स्वतंत्र पत्र हवं. मजकूर मात्र शब्दशः तोच ठेवू नका, कारण सारखी पत्रं एकत्र बांधून एकाच ओळीत निकाली काढली जातात. कुणी कडुनिंबांवर लिहावं, कुणी पदपथावर, कुणी वडांवर. वीस वेगळ्या मुद्द्यांची वीस पत्रं दोनशे सह्यांपेक्षा जड पडतात.

पत्र वृक्ष अधिकारी / सदस्य सचिव, वृक्ष प्राधिकरण (महापालिकेची झाडांबाबत निर्णय घेणारी समिती) यांच्या नावे करा. वर नोटीस क्रमांक आणि तारीख, त्याखाली झाडांचे क्रमांक, मग हरकत, आणि शेवटी "मला सुनावणीची संधी द्यावी व निर्णय लेखी कळवावा" हे वाक्य न विसरता. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ईमेलही त्याच दिवशी करा, पण निव्वळ ईमेलवर विसंबू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असल्याने या ७ दिवसांत तो कामी येणार नाही. त्याऐवजी सोमवार वापरा. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. उरलेल्या पाच दिवसांत सोमवार येत असेल तर तो चुकवू नका. जाताना शासन निर्णयाची छापील प्रत सोबत ठेवा, कारण टेबलावरच्या माणसाला तो बहुतेक वेळा माहीत नसतो.

फाइलमध्ये पुढच्या गोष्टी बघा: पथ विभागाचा मूळ प्रस्ताव, झाडं दाखवलेला नकाशा, उद्यान निरीक्षकाचा स्थळपाहणी अहवाल, प्रत्येक झाडाचा नोंदलेला घेर आणि वय, आणि पर्यायी आखणीचा विचार केल्याची नोंद. शेवटची बहुधा सापडत नाही. ती नसणं हीच तुमची सगळ्यात मजबूत हरकत.

घेरमोजणी
वरचं सगळं बरोबर. मी झाडांच्या बाजूने लिहितो.

मोजणी तुम्ही स्वतः करा. जमिनीपासून १.३७ मीटरवर (साडेचार फूट) शिंप्याची टेप बुंध्याभोवती आडवी, सैल न ठेवता गुंडाळा. झाड उतारावर असेल तर वरच्या बाजूने उंची धरा. त्याखालीच दोन बुंधे फुटत असतील तर दोन्ही वेगळे मोजून लिहा. वडाला पारंब्यांचे खांब आले असतील तर मूळ बुंधा वेगळा आणि खांब वेगळे नोंदवा. तक्त्यात क्रमांक, जात, घेर, अंदाजे उंची, घरटी किंवा ढोली, बुंध्यापासून रस्त्याच्या कडेचं अंतर आणि फोटो क्रमांक एवढे रकाने पुरतात. दोघं मोजणारे आणि एक लिहिणारा असला की ४३ झाडं एका सकाळी होतात.

घेर आणि वय यांचा इतका आग्रह का, ते सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड "प्राचीन वृक्ष" ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे ४० वर्षांचा वर्षावृक्ष कागदावर १५ वर्षांचा दाखवला तर एका झाडामागे २५ झाडं बुडाली. चौदा वर्षावृक्षांची मिळून ३५०. म्हणून प्रत्येक झाडाचं वय कशाच्या आधारे धरलं हे लेखी विचारा.

एक सावधगिरी. वर्षावृक्ष फार झपाट्याने जाडावतो, त्यामुळे नुसत्या घेरावरून "शंभर वर्षांचं झाड" असं लिहाल तर पहिल्याच प्रश्नाला गडबडाल. वयासाठी गूगल अर्थमधली जुनी उपग्रहचित्रं आणि आधीच्या वृक्षगणनेतल्या नोंदी बघा. गणना दर पाच वर्षांनी करायची असते. पुण्यासारख्या ठिकाणी ती झाडागणिक ऑनलाइन बघता येते, तुमच्याकडे नसेल तर उद्यान विभागात मागा.

आणि माझं मत स्पष्ट सांगतो, सगळी ४३ झाडं एका मापाने तोलू नका. सुबाभूळ इथला नाही, बी पडून भराभर पसरतो आणि त्यावर बाजू लावली तर बाकीच्या मागणीचं वजन कमी होतं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, त्यात पदपथाखाली कोंडलेली. पाचही गुलमोहर वाचवण्यापेक्षा वड, उंबर आणि कडुनिंब या १४ झाडांवर जोर द्या. उंबर आणि वडाची फळं वर्षातून अनेकदा येतात, बाकी काही फळत नसतं तेव्हा पक्षी आणि वटवाघळं त्यावरच जगतात. ती जागा रोपाने भरून निघत नाही.

वडपिंपळ
सुबाभळीबद्दल पटतं, पण हरकतीच्या पत्रात "ही सात तोडा, चालतील" असं कुणीही लिहू नये. त्या वाक्यावर लाल खूण होते आणि "नागरिकांची अंशतः संमती" असा शेरा पडतो. पत्रात फक्त वाचवायच्या झाडांबद्दल लिहा. तडजोडीची बोलणी आयुक्तांसमोर, आणि तीही इतिवृत्त लिहिलं जात असेल तर.

आणखी एक. झाडांची संख्या कमी दिसावी म्हणून एकाच कामाचे तुकडे पाडले जातात. तुमच्याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी वेगळा प्रस्ताव आहे का, हे सोमवारी बघा. संपूर्ण कामातली झाडं एकत्र धरली तर निर्णय कोणाच्या पातळीवर व्हायला हवा, ते लेखी विचारा. प्राधिकरणावर तज्ज्ञ सदस्य नेमलेत का, तेही विचारा. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नेमक्या याच मुद्द्यावर मुंबईच्या प्राधिकरणाला निर्णय घेण्यापासून रोखलं होतं.

जांभूळपार
खूप उपयोगी. आज सकाळी मोजणी झाली. २ वड आणि ४ कडुनिंब सध्याच्या डांबरी कडेपासून दोन मीटरहून जास्त आत आहेत, तरी यादीत आहेत. तीन वर्षावृक्षांपुढे "धोकादायक" लिहिलंय, कारण बुंध्यात पोकळी. आणि पुनर्रोपणाच्या यादीत ६ वर्षावृक्ष, ४ कडुनिंब, २ उंबर. यावर काय लिहावं?

मुळांचागोळा
पुनर्रोपणाचं गणित मांडा, उत्तर आपोआप दिसेल. झाड हलवताना बुंध्याच्या व्यासाच्या निदान दहापट व्यासाचा मुळांचा गोळा उचलावा लागतो. बुंधा ३० सेंटिमीटरचा असेल तर गोळा ३ मीटरचा, आणि खोली १ मीटर धरली तर साधारण ७ घनमीटर माती, म्हणजे अकरा-बारा टन. त्याला मोठी क्रेन हवी, वरच्या विजेच्या तारा बंद हव्यात आणि नव्या जागी चार मीटर रुंद खड्डा आधीच तयार हवा. तुमच्या वर्षावृक्षांचे बुंधे यापेक्षा जाडच असणार.

शिवाय काम एका दिवसाचं नसतं. आधी झाडाभोवती अर्ध्या गोलाचा चर खणून मुळं धारदार करवतीने कापतात, चरात माती आणि शेणखत भरून पाणी देतात. काही आठवड्यांनी नवी तंतुमुळं फुटली की उरलेला अर्धा चर. मग पावसाळ्याच्या तोंडावर हलवतात. प्रत्यक्षात ठेकेदार सकाळी जेसीबी लावतो, मुळं कापली न जाता ओढून फाटतात, फांद्या साफ छाटून नुसता खांब उरतो आणि तो मुरमाच्या खड्ड्यात उभा करतात. बुंध्यातल्या साठ्यावर दोन-तीन महिने पालवी फुटते, "जगलं" म्हणून फोटो निघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळतं.

जातीचाही फरक आहे. उंबर, वड, पिंपळ नीट हलवले तर तग धरतात. मोठे कडुनिंब आणि वर्षावृक्ष यांच्याबाबत मला भरवसा वाटत नाही. हरकतीत विचारा: नवी जागा कोणती, गोळ्याचं माप काय, मुळांची छाटणी कधी सुरू झाली, पाण्याचा टँकर किती वर्षं, आणि झाड मेलं तर ठेकेदाराच्या बिलातून किती कपात. निविदेत या बाबी नसतील तर पुनर्रोपण फक्त शब्दात आहे.

पोकळीबद्दल: पोकळ म्हणजे धोकादायक नव्हे. पोकळी भरभक्कम कवचाने वेढलेली असेल तर झाड वर्षानुवर्षं उभं राहतं. ढोबळ नियम असा की निरोगी लाकडाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असली तर काळजीचं कारण कमी. ३० सेंटिमीटर त्रिज्येला १० सेंटिमीटर कवच. लाकडी हातोडीने सभोवार ठोकून आवाजातला फरक ऐकू येतो. खरी भीती वाटावी अशी लक्षणं वेगळी: बुडाशी कठीण बुरशीची छत्रं, एका बाजूची जमीन उचलली जाणं, नुकताच आलेला कल, दुबेळक्यातून खाली उतरणारी भेग. ही नसतील तर "तोड नको, शेंड्याचा भार कमी करणारी छाटणी करा" अशी मागणी लिहा.

दोन मीटर आत असलेली सहा झाडं तर नकाशावरच वाचतात. पदपथ झाडांच्या मागून न्या, झाडं रस्ता आणि पदपथ यांच्या मधल्या पट्टीत ठेवा. पण चराची काळजी आत्ताच मागून घ्या, कारण उभी ठेवलेली झाडं पुढे गटार आणि केबलच्या खोदाईत मरतात. बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत जेसीबी नको. ४० सेंटिमीटरच्या बुंध्याला ते ४.८ मीटर होतात. तेवढं अंतर मिळत नसेल तर त्या भागात हाताने खोदाई आणि केबल मुळांच्या खालून ढकलून न्यायची. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकविना मोकळी.

करवंद_जाळी
कटर आले तर काय, हे राहिलंच.

आलेल्या मुकादमाशी हुज्जत घालू नका, परवानगीचं पत्र मागा. त्यावरचा क्रमांक, तारीख आणि झाडांचे क्रमांक वाचून व्हिडिओत बोला. परवानगी दिल्यानंतर १५ दिवस झाड तोडता येत नाही, त्यामुळे तारीख महत्त्वाची. छाटणीच्या परवानगीवर तोड चालली आहे का तेही बघा, हा नेहमीचा प्रकार आहे. पत्र नसेल तर ११२ वर फोन, उद्यान निरीक्षकाला बोलावून पंचनाम्याची मागणी, आणि त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार. कायद्यात "झाड तोडणे" या शब्दात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणून साल काढणं, बुंध्यात भोक पाडून औषध ओतणं हेही तक्रारीत घाला. रात्री बुडाशी ओले डाग किंवा ड्रिलची भोकं दिसतात का, दोघांनी रोज फेरी मारावी.

घरट्यांचा रकाना केला असेल तर वापरा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी उद्ध्वस्त करणं येतं. वर्षावृक्षांवर बगळे किंवा पाणकावळ्यांची वसाहत असेल तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर नोंद करून तक्रार क्रमांक घ्या.

न्यायालयात जायची वेळ आली तर वकील आत्ताच ठरवा, परवानगी निघाल्यावर नाही. मुंबईत मेट्रो कारशेडसाठी झालेल्या आरेच्या वृक्षतोडीचं उदाहरण समोर ठेवा. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. याचिका फेटाळली जातेय असं दिसताच, त्याच खंडपीठापुढे, उठण्याआधी, "वरच्या न्यायालयात जाईपर्यंत काही दिवस जैसे थे ठेवा" अशी विनंती वकिलाने करायला हवी. ती नोंदवून घ्यायला लागणारे कागद म्हणजे पोच असलेल्या हरकती, घेराचा तक्ता, नोटिशींचे फोटो आणि सोमवारी फाइलमधून घेतलेल्या नकला. चार संच करून वकिलाकडे आधीच देऊन ठेवा.

जांभूळपार
१८ पत्रं तयार झाली, प्रत्येकाचा मुद्दा वेगळा. चौघेजण सोमवारी ३ वाजता फाइल बघायला जातील, शासन निर्णयाची प्रत काढून ठेवली आहे. सुनावणीची तारीख मिळाली की इथेच लिहितो. तोवर कुणाकडे पदपथ झाडांच्या मागून नेलेल्या रस्त्याचा आडवा छेद असेल तर टाका, आयुक्तांना दाखवायला चित्र हवं आहे.